माणूस मारणं म्हणजे माणूस मारणं

1554 च्या मार्च महिन्यात बाझल शहरात लहान आकाराचं एक लॅटिन पुस्तक छापून निघालं. त्याच्यावर गावाचं नाव खोटं होतं, छापणाऱ्याचं नाव खोटं होतं आणि संपादकाचंही. पहिलं पान म्हणत होतं, माग्डेबुर्ग, छापणार गेओर्ग राउश. प्रस्तावनेखाली सही होती मार्टिनुस बेलियुस या माणसाची, जो कधी अस्तित्वातच नव्हता. पुस्तकाचा विषय एका प्रश्नात मावत होता : पाखंडी माणसांचा छळ करावा का?

खरा छापखाना बाझलमधल्याच योहानेस ओपोरिनुसचा. दहाएक वर्षांपूर्वी, 1543 मध्ये, याच ओपोरिनुसने वेसेलियसचा मानवी शरीररचनेवरचा प्रचंड ग्रंथ छापला होता आणि त्याच वर्षी कुराणाचं लॅटिन भाषांतरही. कुराण छापायला घेतलं म्हणून शहराच्या कौन्सिलने त्याला काही काळ कोठडीत टाकलं होतं. आणि बेलियुस या नावामागे होता त्याच्याच छापखान्यात बरीच वर्षं प्रुफं तपासलेला एक शिक्षक, सेबास्टियन कास्टेलिओ.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात राहून मराठी पुस्तकांची प्रुफं वाचते. कानामात्रा, वेलांट्या, अनुस्वार यांत माझा दिवस जातो. युरोपच्या धर्मसुधारणेबद्दल, म्हणजे कॅथलिक चर्चपासून प्रॉटेस्टंट वेगळे झाले त्या चळवळीबद्दल, वाचताना ल्यूथर, कॅल्व्हिन, झ्विंग्ली ही मोठी माणसं भेटतातच. पण त्या सगळ्या गर्दीत प्रुफं वाचून पोट भरणारा हा माणूस दिसला आणि मी तिथेच थांबले. तेव्हापासून त्याच्याबद्दल हाताला लागेल ते वाचत आले आहे. त्याने प्रॉटेस्टंट पंथाला जे दिलं, ते त्याच्या हयातीत कुणी घेतलं नाही. पण त्याने दिलेलं फेकूनही देता आलं नाही.

त्याचं लहानपण फार रेंगाळण्यासारखं नाही. 1515 चा जन्म, सावॉयच्या डोंगराळ भागातल्या एका शेतकरी घरात. शिकायला लिआँला आला, लॅटिन-ग्रीकमध्ये बुडाला, लॅटिन कविता करू लागला. त्या काळच्या मानवतावाद्यांचा, म्हणजे जुन्या भाषा आणि जुने ग्रंथ मुळातून वाचणाऱ्यांचा, जो मेळा इरॅस्मस या डच विद्वानामुळे युरोपभर जमला होता, त्यातलाच हा एक. 1540 मध्ये लिआँत ल्यूथरच्या मताच्या लोकांना जाळताना त्याने पाहिलं. त्याच वर्षी तो गाव सोडून स्ट्रासबर्गला गेला आणि कॅल्व्हिनच्या घरी काही दिवस राहिला. कॅल्व्हिन तेव्हा स्वतःच जिनिव्हातून हाकलला गेलेला निर्वासित. पुढच्या वर्षी जिनिव्हाने कॅल्व्हिनला परत बोलावलं आणि लवकरच कास्टेलिओ तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. मुलांसाठी त्याने बायबलमधल्या गोष्टींचे लॅटिन संवाद लिहिले. ते पाठ्यपुस्तक पुढे दोनशे वर्षं युरोपात छापलं जात राहिलं, त्याच्या शत्रूंच्या गावांतसुद्धा.

मग बिनसलं. जिनिव्हात प्लेगची साथ आली. रुग्णालयात मरणाऱ्यांजवळ जायला पाळक तयार होईनात, आपल्यात ते धैर्य नाही असं त्यांनी कौन्सिलपुढे कबूल केलं. कास्टेलिओ पाळक नव्हता, तरी त्याने आपलं नाव पुढे केलं. पुढे त्याला पाळक व्हायचं होतं तेव्हा कॅल्व्हिनने अडवलं. कारणं दोन : बायबलमधलं ‘गीतरत्न’ हे साधं प्रेमकाव्य आहे असं कास्टेलिओचं मत, आणि ख्रिस्ती श्रद्धासूत्रातल्या ‘ख्रिस्त अधोलोकात उतरला’ या ओळीचा अर्थ कॅल्व्हिन लावतो तसा लावायला त्याचा नकार. चारित्र्यात काही खोट नाही, नकाराची कारणं एवढीच आहेत, असं पत्रही कॅल्व्हिनने त्याला लिहून दिलं. 1544 च्या मे महिन्यात एका सभेत कास्टेलिओ उठला आणि पाळकांसमोर बोलला : प्रेषित पौल देवाची सेवा करत होता, आपण स्वतःची करतो, पौल सोशिक होता, आपण उतावीळ आहोत, पौलाला तुरुंगवास घडला, आपण दुसऱ्यांना घडवतो. त्यानंतर त्याला जिनिव्हात जागा उरली नाही. बायकामुलं घेऊन तो बाझलला आला.

इथली त्याची वर्षं मला जवळून दिसतात. दिवसा ओपोरिनुसकडे प्रुफं. उरलेल्या वेळात सगळं बायबल मुळातून लॅटिनमध्ये आणण्याचं काम, आणि नंतर फ्रेंचमध्येही. पैसे नाहीत. घर ऱ्हाइनच्या काठी. पावसाळी पूर आला की ऱ्हाइन वरच्या जंगलांतून लाकडं वाहून आणायची. काठावरचे गरीब लोक लांब दांड्याला लोखंडी आकडा लावून ती ओढून घ्यायचे आणि सरपण म्हणून जाळायचे. कास्टेलिओही घेत असे. पुढे 1558 मध्ये कॅल्व्हिनने एका पुस्तिकेत त्याच्यावर आरोप केला की हातात आकडा घेऊन तू दुसऱ्यांची लाकडं चोरत होतास. कास्टेलिओने त्याचं उत्तर लिहिलं आणि त्याला शीर्षकच दिलं ‘आकडा’. त्यात तो शांतपणे सांगतो की मी तेव्हा बायबलच्या भाषांतरात इतका गुंतलो होतो की ते सोडण्यापेक्षा भीक मागणं पत्करलं असतं. नदीची लाकडं कुणाच्या मालकीची नसतात, जो काढेल त्याची. आणि मी ती भरदिवसा, सगळ्या गावादेखत काढली. त्या उत्तरात आदळआपट नाही. आरोप करणारा युरोपातला सगळ्यात वजनदार प्रॉटेस्टंट, आणि उत्तर देणारा त्याला नदी, लाकूड आणि आकडा यांचा हिशोब समजावून सांगतो आहे. मी हा मजकूर इंग्रजी भाषांतरात वाचला तेव्हा त्या माणसाबद्दल वाटणारं नुसतं कुतूहल संपलं आणि माया सुरू झाली.

1551 मध्ये लॅटिन बायबल निघालं. इंग्लंडच्या किशोरवयीन राजाला, सहाव्या एडवर्डला, अर्पण केलेल्या त्याच्या प्रस्तावनेत कास्टेलिओ म्हणतो की धर्माच्या बाबतीत ज्या गोष्टी अजून अंधूक आहेत त्यांवरून आपण रक्त सांडतो आहोत. अंधूक. हा विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्याचं सगळं काम यावर उभं आहे. ज्याने हिब्रू आणि ग्रीकमधून एकेक ओळ उतरवली त्याला ठाऊक असतं की काही जागा स्वच्छ असतात आणि काही जागी कितीही डोकं आपटलं तरी दोन अर्थ उरतात. भाषांतराच्या कडेला त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं आहे की ही जागा मला कळली नाही. धर्मग्रंथाच्या बाबतीत असं लिहिणारे त्या शतकात फार नव्हते.

ऑक्टोबर 1553. मिगेल सर्व्हेतस हा स्पॅनिश वैद्य आणि धर्मपंडित. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं हे युरोपात छापून सांगणारा पहिला माणूस म्हणून तो वैद्यकाच्या इतिहासात आहे. पण ते वर्णन त्याने धर्मावरच्या ग्रंथात लिहिलं होतं आणि त्या ग्रंथात त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच सनातन देव आहे हा, सिद्धांत नाकारला होता, बालबाप्तिस्माही नाकारला होता. फ्रान्समधल्या व्हिएन गावी नाव बदलून तो राहत होता. जिनिव्हातून गेलेल्या एका पत्रामुळे त्याचं बिंग फुटलं आणि सोबत पुरावा म्हणून गेली ती त्याने कॅल्व्हिनला विश्वासाने लिहिलेली पत्रं. कॅथलिक न्यायालयाने त्याला पकडलं. तो निसटला, तेव्हा त्याचा पुतळा जाळला. आणि निसटलेला माणूस ऑगस्टमध्ये, रविवारी, जिनिव्हातल्या चर्चमध्ये ओळखला गेला. झुरिक, बर्न, बाझल, शाफहाउझेन या चारही शहरांच्या चर्चचं मत मागवलं गेलं. चौघांनी त्याला दोषी ठरवलं. 27 ऑक्टोबरला शांपेलच्या टेकाडावर त्याला जिवंत जाळलं. कॅल्व्हिनने जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा असं सुचवलं होतं, ते मानलं गेलं नाही. सर्व्हेतसच्या शेवटच्या शब्दांत त्याने ख्रिस्ताला ‘सनातन देवाच्या पुत्रा’ म्हणून हाक मारली. ‘देवाच्या सनातन पुत्रा’ असं म्हटलं असतं तर वाचला असता, असं त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चाललेल्या पाळकाला, फारेलला वाटलं.

कॅल्व्हिनला राक्षस करून सोडणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. छळातून पळालेल्या हजारो लोकांना त्याच्या जिनिव्हाने आसरा दिला. त्रैक्य नाकारणाऱ्याला मृत्युदंड हा रोमन साम्राज्यापासून चालत आलेला कायदा होता. ल्यूथरचा सौम्य सहकारी, स्वतः थोर मानवतावादी असलेला मेलांख्थोन, त्यानेही कॅल्व्हिनला अभिनंदनाचं पत्र लिहिलं. कॅथलिक हसतील, म्हणतील की यांच्याकडे काहीही चालतं, ही भीती खरी होती. माणसं भीतीपोटी जेवढं कठोर होतात तेवढं द्वेषापोटीही होत नसावीत. पण हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्याच वेळी, तीच पुस्तकं वाचलेला, तोच देव मानणारा एक माणूस ‘हे चूक आहे’ म्हणाला.

फेब्रुवारी 1554 मध्ये कॅल्व्हिनने शिक्षेचं समर्थन करणारा ग्रंथ छापला. बेलियुसचं पुस्तक निघालं महिन्याभराने. ते रचलंय कसं हे पाहिलं की रचणारा आयुष्यभर मजकूर हाताळलेला माणूस आहे हे कळतं. त्यात बेलियुसचं स्वतःचं लिखाण थोडं आहे. बाकी सगळी उद्धरणं. इरॅस्मस आहे, ऑगस्टिन आणि क्रिसोस्टमसारखे जुने आचार्य आहेत. 1523 मधला ल्यूथर आहे, जो म्हणतो की पाखंड ही आत्म्याची गोष्ट आहे, ती लोखंडाने कापता येत नाही, आगीत जळत नाही, पाण्यात बुडत नाही. पुढे ल्यूथर बदलला होता, पण छापलेलं छापलेलंच राहतं. आणि कॅल्व्हिनही आहे! 1536 मधल्या, ‘इन्स्टिट्यूट्स’ या त्याच्या प्रमुख ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतला उतारा : बहिष्कृतांना, इतकंच काय तुर्कांना आणि सारासेनांनाही, म्हणजे मुसलमानांनाही, उपदेशाने, दयेने, सौम्यपणाने आणि प्रार्थनेने आपल्याकडे वळवावं. हा मजकूर नंतरच्या आवृत्त्यांतून गेला होता. ज्याने दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या त्यालाच हे दिसणार. मला ते दृश्य डोळ्यांसमोर येतं, कारण हे आमचंच काम : जुनी प्रत डावीकडे, नवी उजवीकडे, बोट ओळीवर. मी हे पगारासाठी करते. त्याने ते एका जाळलेल्या माणसासाठी केलं.

प्रस्तावनेत तो एक दाखला देतो. एका राजाने प्रजेला सांगितलं की मी येणार आहे, कधी ते सांगत नाही, तुम्ही पांढरी वस्त्रं घालून तयार राहा. राजा आला तर काय दिसलं? वस्त्रं कुणी शिवलीच नाहीत. राजा घोड्यावरून येईल की रथातून, थाटामाटात येईल की एकटा, यावर लोक भांडत बसले आहेत. आधी शब्दांनी, मग मुठींनी, मग तलवारींनी. आणि मारणारे म्हणतात की आम्ही राजाच्या नावाने मारलं. पुढे तो म्हणतो की ‘पाखंडी’ म्हणजे कोण याचा मी पुष्कळ शोध घेतला आणि मला एवढंच सापडलं की ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याला आपण पाखंडी म्हणतो. एका गावात जो सच्चा तो शेजारच्या गावात पाखंडी. त्यामुळे आज जगायचं असेल तर जितकी गावं तितके धर्म जवळ बाळगायला हवेत, जसं प्रवाशाला मुलुख बदलला की नाणं बदलून घ्यावं लागतं. सोन्याचं नाणं मात्र सगळीकडे चालतं. देव आहे, चांगलं वागावं, वाईट टाळावं, हे त्याच्या मते ते सोनं.

इथे त्याच्या विचाराची मर्यादाही सांगायला हवी. देवच नाकारणाऱ्याला संरक्षण द्यायला तो तयार नव्हता. त्याची सहिष्णुता श्रद्धेच्या आतली होती. पण मला वाटतं, प्रॉटेस्टंट जग तिने बदललं ते आतली होती म्हणूनच. त्याने बाहेरून येऊन धर्म सोडा असं म्हटलं नाही. निदणाचा दाखला तुमच्याच पुस्तकात आहे, पीक आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या असं ख्रिस्त म्हणाला, मग तुम्ही विळा कुणाच्या परवानगीने उचललात, हा त्याचा सवाल होता. असा सवाल परका म्हणून झटकता येत नाही.

त्याच सुमारास त्याने दुसरं पुस्तक लिहिलं, थेट कॅल्व्हिनच्या समर्थनाला उत्तर म्हणून. कॅल्व्हिनचं एक वाक्य घ्यायचं, खाली उत्तर लिहायचं. पुन्हा वाक्य, पुन्हा उत्तर. सर्व्हेतसची मतं बरोबर होती असं तो कुठेही म्हणत नाही. म्हणतो, माझ्याकडे त्याची पुस्तकं नाहीत, तुम्ही ती जाळलीत. खरोखरच त्या ग्रंथाच्या आज जगात तीनच मूळ प्रती उरल्या आहेत. आणि मग येतं ते वाक्य ज्याच्यामुळे त्याचं नाव उरलं : माणूस मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण करणं नव्हे, माणूस मारणं म्हणजे माणूस मारणं. जिनिव्हाच्या लोकांनी सर्व्हेतसला मारलं तेव्हा त्यांनी सिद्धांताचं रक्षण केलं नाही, त्यांनी एक माणूस मारला. सर्व्हेतस युक्तिवादाने आणि लिखाणाने लढला होता, त्याला युक्तिवादाने आणि लिखाणानेच उत्तर द्यायचं होतं.

हे पुस्तक त्याच्या हयातीत छापलंच गेलं नाही. हस्तलिखित हातोहात फिरत राहिलं.

1562 मध्ये फ्रान्समध्ये यादवी पेटली. वासीला प्रार्थनेसाठी जमलेल्या प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली आणि मग दोन्ही बाजू शस्त्रं घेऊन उठल्या. कास्टेलिओने उद्ध्वस्त फ्रान्सला सल्ला देणारी एक फ्रेंच पुस्तिका लिहिली. तिची मांडणी वैद्यासारखी आहे : रोग कोणता, कारण काय, उपाय कोणता. रोगाचं कारण एकच, दुसऱ्याच्या विवेकावर केलेली जबरदस्ती. तो आधी कॅथलिकांकडे वळतो आणि विचारतो, तुम्हाला असं केलेलं आवडेल का? मग स्वतःच्या माणसांकडे, प्रॉटेस्टंटांकडे वळतो आणि तेच विचारतो : तुम्ही कालपर्यंत छळ सोसलात, आज तलवार उचललीत, तुमच्याशी कुणी असं वागलेलं तुम्हाला चालेल का? उपायही त्याने सांगितला. फ्रान्समध्ये दोन्ही धर्म राहू द्या, ज्याला जो हवा तो त्याने निवडावा. दुसऱ्याच वर्षी लिआँमध्ये भरलेल्या प्रॉटेस्टंट सभेने ही पुस्तिका घातक ठरवली. यादवी मात्र पुढे छत्तीस वर्षं चालली.

ही पुस्तिका वाचताना मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवत राहिली. माझे वडील देव मानत नसत. माझ्यामागे दहावं-तेरावं काही करू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. आई मात्र रोज पोथी वाचणारी. ते गेले तेव्हा घरात जमलेल्या प्रत्येकाला ठाम मत होतं. त्यांची इच्छा पाळायची की तिची समजूत राखायची? काकांनी शास्त्र सांगितलं, भावाने तत्त्व सांगितलं, आवाज चढले. आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी आत्याने सगळ्यांना गप्प केलं आणि आईजवळ जाऊन बसली. आई म्हणाली, घरात काही नको, त्यांना नको होतं ना. मी एकटी आळंदीला जाऊन येईन, मला हवंय म्हणून. तिने तसंच केलं. भाऊ तिला गाडीतून घेऊन गेला आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिला. यात कुणी जळलं नाही, कुणी मेलं नाही, आणि सोळाव्या शतकाशी याची बरोबरी मी करत नाही. पण विवेकावरची जबरदस्ती म्हणजे काय हे मला कळलं ते त्या खोलीत, चढलेल्या आवाजांमध्ये. प्रत्येकाचं म्हणणं प्रामाणिक होतं. कास्टेलिओ ज्यांच्याविरुद्ध लिहीत होता तेही प्रामाणिक होते, आणि त्याचं दुःख तेच होतं.

1563 मध्ये त्याने शेवटचं पुस्तक लिहायला घेतलं. नावाचा अर्थ साधारण असा : शंका घेण्याची आणि विश्वास ठेवण्याची, न जाणण्याची आणि जाणण्याची कला. मला हे त्याचं सगळ्यात धाडसाचं काम वाटतं. त्या काळी दोन्ही छावण्यांत शंका म्हणजे पाप. तो म्हणतो, कशावर शंका घ्यायची हे न कळल्याने जेवढी पापं होतात तेवढीच कशावर विश्वास ठेवायचा हे न कळल्यानेही होतात. जिथे खात्री नाही तिथे खात्री असल्यासारखे लोक वागले नसते, तर सर्व्हेतस जगला असता. बुद्धीला तो देवाची मुलगी म्हणतो, सगळ्या ग्रंथांच्या आणि विधींच्या आधीची, आणि त्या सगळ्यांनंतरही राहणारी. खुद्द ख्रिस्त तिच्याच आधाराने जगला आणि तिच्याच आधाराने त्याने शिकवलं, असं म्हणतो. भक्ती न सोडता हे लिहिलंय, हे महत्त्वाचं.

पुस्तक पुरं झालं नाही. त्याच वर्षी बाझलच्या कौन्सिलपुढे त्याच्यावर पाखंडाची तक्रार गेली. आता तो बाझल विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक होता, पण बाझलही निर्भय राहिलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी याच शहराने दाविद योरिस नावाच्या, खोट्या नावाने राहून मेलेल्या डच पंथप्रमुखाचं प्रेत थडग्यातून उकरून जाळलं होतं. कास्टेलिओने आपला बचाव लिहून दिला. निकाल लागायच्या आधी, 29 डिसेंबर 1563 ला, तो गेला. वय 48. फ्रेंच लेखक माँतेन्यने पुढे हळहळून लिहिलं की आपल्या काळात असा विद्वान अन्नाला महाग होऊन मरावा ही लाज आहे, ठाऊक असतं तर हजार लोकांनी त्याला बोलावून घेतलं असतं.

मग त्याचा प्रभाव पडला कसा? सावकाश, आणि छापखान्यांतूनच. त्याच्या कागदांना वाट मिळाली ती हॉलंडकडे. कोर्नहर्ट या डच लेखकाने त्याचं लिखाण डचमध्ये आणलं. काहींचा मोक्ष आणि काहींचा नाश देवाने आधीच ठरवून ठेवला आहे, हे कॅल्व्हिनचं पूर्वनियोजन कास्टेलिओला कधीच पटलं नव्हतं, आणि हॉलंडमध्ये तोच वाद पेटत होता. 1610 मध्ये, पूर्वनियोजनाला विरोध करणाऱ्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी आपलं निवेदन सरकारला दिलं आणि ते रेमॉन्स्ट्रंट म्हणून ओळखले जाऊ लागले. 1612 मध्ये, लिहून अठ्ठावन्न वर्षांनी, कॅल्व्हिनला दिलेलं ते उत्तर हॉलंडमध्ये छापलं गेलं. 1613 मध्ये गौडा या गावी त्याचे ग्रंथ निघाले. डोर्टच्या धर्मसभेने 1619 मध्ये रेमॉन्स्ट्रंटांना दोषी ठरवलं, सुमारे दोनशे पाळकांना काढून टाकलं, पण ते संपले नाहीत. काही वर्षांनी परतले, अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांनी विद्यालय काढलं. त्या विद्यालयातल्या फिलिप व्हान लिंबोर्खशी 1680 च्या दशकात एका इंग्रज निर्वासिताची गाढ मैत्री झाली. तो जॉन लॉक. सहिष्णुतेवरचं त्याचं प्रसिद्ध पत्र लिंबोर्खलाच लिहिलेलं आहे आणि ते 1689 मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं तेही गौडामध्येच. लॉकच्या पत्रातही देव न मानणाऱ्याला जागा नाही. गुण आणि मर्यादा दोन्ही तिथे पोचल्या होत्या.

शंकेच्या कलेवरचं ते अर्धवट हस्तलिखित रॉटरडॅमला, रेमॉन्स्ट्रंटांच्या संग्रहात टिकून राहिलं. पूर्ण स्वरूपात ते छापून आलं 1981 मध्ये.

आणखी एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. फर्दिनाँ ब्युइसाँ. या फ्रेंच प्रॉटेस्टंटाने 1892 मध्ये कास्टेलिओचं दोन खंडी चरित्र लिहिलं. हाच ब्युइसाँ फ्रान्सच्या प्राथमिक शिक्षणाचा संचालक होता. चर्च आणि शासन वेगळं करणारा 1905 चा कायदा ज्या संसदीय समितीने तयार केला तिचा तो अध्यक्ष होता. 1927 मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं. दिवसा सरकारी शाळांचा कारभार आणि उरलेल्या वेळात साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तरावर संशोधन! एवढे कष्ट एखाद्यावर घ्यायचे तर त्याच्याकडून काहीतरी घेतलेलं असतं.

27 ऑक्टोबर 1903 ही तारीख असलेला एक दगड, सर्व्हेतसला जिथे जाळलं त्या शांपेलला उभा आहे. तो कॅल्व्हिनच्या वारसांनी उभारला. त्यावर लिहिलंय की आम्ही आमच्या थोर सुधारकाचे, कॅल्व्हिनचे आदर बाळगणारे कृतज्ञ पुत्र आहोत, पण जी चूक त्याच्या शतकाची होती तिचा निषेध करतो, आणि धर्मसुधारणेच्या व शुभवर्तमानाच्या खऱ्या तत्त्वांनुसार विवेकाच्या स्वातंत्र्याला घट्ट धरून आहोत.

पापक्षालनाचा दगड स्वतःच्या हाताने उभारणारे लोक थोर आहेत, याबद्दल मला शंका नाही. तरी या मजकुराचं प्रूफ माझ्याकडे आलं असतं तर ‘त्याच्या शतकाची’ या शब्दांपाशी मी खूण केली असती. चूक शतकाची होती, तर मग बाझलमधला तो शिक्षक कोणत्या शतकातला? कॅल्व्हिनपेक्षा तो सहा वर्षांनी लहान होता आणि मेलाही त्याच्या आधी पाच महिने. आणि ‘धर्मसुधारणेच्या व शुभवर्तमानाच्या खऱ्या तत्त्वांनुसार विवेकाचं स्वातंत्र्य’, हा तर सबंध युक्तिवाद त्याचाच, 1554 च्या त्या खोट्या नावाच्या पुस्तकातला, ज्याला कॅल्व्हिनच्या बेझा या सहकाऱ्याने तेव्हा ख्रिस्ती धर्माच्या मुळावर आलेलं म्हटलं होतं. कॅल्व्हिनच्या वारसांनी तो आपला म्हणून दगडावर कोरून घेतला. कास्टेलिओचं नाव त्या दगडावर नाही.